मोठ्या बाबांचे तीन पत्ते

माझी नात पुण्याहून आली की दुपारभर पलंगावर पालथी पडून मोबाइलवर पोकर खेळते. परवा तिनं मान वर न करता विचारलं, "आजी, शेवटची फेरी आहे. वाढवू की गप्प बसू?" आजी बावचळेल आणि आपल्याला हसायला मिळेल, असा तिचा हिशेब. मी म्हटलं, "समोरचा घाबरणारा आहे का, ते आधी सांग." ती उठून बसली. शेवटच्या फेरीत वाढवायची कारणं दोनच, हे मी तिला सांगितलं. एक तर आपला हात असा पाहिजे की समोरचा आपल्याहून हलका असूनही पाहण्याच्या मोहानं पैसे टाकेल. नाहीतर आपल्याजवळ काहीच नसलं पाहिजे आणि समोरच्याला पत्ते टाकून पळायची सवय पाहिजे. मधल्या हाताला वाढवणं म्हणजे उगाच अंगावर ओढवून घेणं. हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. तिच्या वयाची असताना मी तिच्याहून शहाणी होते, म्हणजे जास्त मूर्ख होते, आणि आपलं होतं नव्हतं ते सगळं एका दुपारी अशा माणसासमोर लावून बसले होते, जो घाबरू शकत नव्हता. तो तिथं होता की नाही हेसुद्धा आम्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

आमचं घर वाशीमला, स्टेशनाकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी. तेव्हा वाशीम जिल्हा व्हायचा होता, आम्ही सगळे अकोल्याचे. दुपारची गाडी आली की फडताळातले पितळेचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, आणि गाडी सुटून गेल्यावरही थोडा वेळ एखादा पेला किणकिणत राहायचा. त्या एकट्या पेल्याचा आवाज मला लहानपणी आवडत नसे. घरात बाबा, आई, मी आणि मोठी माय, एवढीच माणसं. मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. ते थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, एका बाजारच्या दिवशी बैल पाहून येतो म्हणून गाडीत बसले ते परत आलेच नाहीत. बाबा सगळे बाजार हिंडले, दवाखाने पाहिले, पोलिसात सांगून झालं. माणूस सापडला नाही, मेल्याची खबरही आली नाही. मोठी माय एवढंच म्हणाली, "येतीन." आणि तिनं घर त्या येण्याच्या हिशेबानं चालवायला घेतलं.

कपाळावर कुंकू रोजचं, आणि चांगलं रुपयाएवढं. दोन वेळा त्यांचं ताट वाढायचं, भाकरी, ठेचा, वरून जवसाची चटणी. ते आमची जेवणं होईपर्यंत पाटासमोर राहायचं आणि मग आमच्या कुत्र्याला, काळ्याला, जायचं. चहा कपात ओतून पाटाजवळ ठेवायची. थोड्या वेळानं कप निम्मा झालेला असायचा. मी दोनतीनदा पाळत ठेवली तेव्हा मांजर पिताना सापडली. चौथ्यांदा मांजर माझ्या मांडीवर होती आणि कप निम्मा झाला होता. पितळ उघडं पाडायला निघालेल्या माझ्यासारख्या धीट मुलीनं त्यानंतर काय केलं असेल? पाळत ठेवणं सोडून दिलं.

आणि तीन पत्ती. आमच्याकडे पोळ्याला पुरुष पारावर बसून खेळतात, बायकांनी पत्त्याला हात लावायचा नाही. पण मोठ्या बाबांनी आपल्या बायकोला खेळ शिकवला होता, आणि ते गेल्यावर ती दुपारी आईला आणि मला घेऊन ओसरीवर बसू लागली. पैसे नाहीत, चिंचोके. वाटताना ती एक वाटा रिकाम्या पाटावर टाकायची. तीन पत्ते, पालथे. ज्यानं पत्ते पाहिले नाहीत तो ब्लाइंड, त्यानं एक चिंचोका टाकायचा, पाहिलेल्यानं दोन. मोठे बाबा पत्ते कसे पाहणार? ते जन्माचे ब्लाइंड. त्यांचे चिंचोके मोठी माय सरकवायची, पण त्यांच्या पत्त्यांना कधी बोट लावायची नाही. डाव संपल्याशिवाय ते उलथायचे नाहीत, आणि उलथायचे तेही आईनं. ते कधी पत्ते टाकायचे नाहीत. त्यांचं ठरलेलं होतं, शेवटपर्यंत यायचं.

यात भुताचं काही नाही, असं मी मनाशी म्हणायची. ब्लाइंडला निम्म्यात खेळायला मिळतं, पाहणारा आपल्या पत्त्याला भिऊन निघून जातो, म्हणून त्यांची रास वाढते. शिवाय एक नियम असा की दोघंच उरले आणि त्यातला एक ब्लाइंड असला, तर पाहिलेल्याला शो मागता येत नाही. म्हणजे 'दाखव तुझे पत्ते' असं म्हणायचा अधिकार फक्त ब्लाइंडचा. तुम्ही आपले दुप्पट टाकत राहा, नाहीतर उठा. मोठे बाबा कधी शो मागतील याची वाट पाहत आई घामाघूम व्हायची. गाडीची शिट्टी झाली की मोठी माय पत्ते खाली ठेवून गल्लीकडे पाहायची. उतरलेली माणसं पांगेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मग ती म्हणायची, "खेळा." पण पहिले ती पाटाकडे पाहून, कोणी काही सांगितल्यासारखी मान हलवायची.

त्यातच मी मॅट्रिक झाले, आणि अकोल्याच्या अध्यापक विद्यालयाच्या दुसऱ्या यादीत माझं नाव लागलं. कागदात लिहिलं होतं, पंधरा दिवसांत हजर व्हा. त्याच आठवड्यात रिसोडहून स्थळ आलं, धान्याचं दुकान, एकुलता एक मुलगा. बाबांना स्थळ पसंत होतं. मुलगा मी पाहिला होता, बिचारा वाईट नव्हता. पण तो बोलताना दर वाक्यानंतर स्वतःच 'बरोबर आहे' म्हणायचा, आणि जन्मभर ते ऐकायची माझी तयारी नव्हती. मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे आई आंघोळीला गेली की डब्यातल्या करंज्या खायची, पण ताटावर बसले नाही. शेवटी बाबा मोठ्या मायकडे गेले.

"वयनी, तुमीच सांगा हिले. पोरगी ऐकून नाई राह्यली."

"मी कोण सांगणारी? घरात मोठे ते हायेत," मोठी माय म्हणाली. "त्याईले विचारू."

"आता त्याले कसं विचारता?"

"जसं ते रोज बोलतात तसं. पोळा झाला की कराच्या दिवशी दुपारी एक डाव. सुमी जिंकली त अकोला. ते जिंकले त रिसोड. आन् मंग कोनी तोंड उघडायचं नाई."

आमच्या घरी हे काही नवं नव्हतं. कोणत्या वावरात तूर पेरायची, गाय विकायची की ठेवायची, हे याच पाटानं ठरवलेलं. बाबा वाकड्यात शिरत नसत. थोरल्या भावाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, मग तो कुठूनही येवो. बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "हाये काय कबूल?" आणि मी, दोन वेण्यांची महामाया, मान ताठ करून म्हणाले, "कबूल." मला वाटलं, सुटले. कारण गल्लीत मी वाढवण्यात नामी होते. शेजारच्या शांताकाकूला मी तिच्याच घरी चोरून खेळताना रिकाम्या हातानं इतक्यांदा पळवलं होतं की ती माझ्या नाकपुड्या फुगलेल्या पाहूनच पत्ते टाकायची. शेवटी दोघी उरलो की एकदम मूठभर चिंचोके सारायचे, तिच्या डोळ्यांत पाहायचं, आणि पापणी हलू द्यायची नाही. हीच माझी सगळी विद्या. समोर डोळे असावे लागतात, एवढी बारकी गोष्ट त्यात राहून गेली होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे कर म्हणतात. पोळ्याला दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या कराच्या सकाळी पोरंसोरं ओरडत गावाबाहेर नेऊन टाकतात. घरात जे राहू नये ते त्यांच्यासोबत जावं म्हणून. आमच्या दारची फांदी मात्र मोठी माय नेऊ देत नसे. ती तशीच वाळत राहायची. त्या दुपारी आभाळ भरलेलं होतं, वारा अजिबात नव्हता, आणि पारावरून पुरुषांचा गलका येत होता तो एकाएकी बंद पडला. बहुतेक सगळे जेवायला उठले असतील. ओसरीवर शिळ्या पुरणाचा आंबूस वास होता. काळ्या नेहमीसारखा पाटाला टेकून झोपला होता. बाबा खांबाशी उभे, आई उंबऱ्यावर. मोठ्या मायनं माझ्यापुढं आणि पाटापुढं चिंचोक्यांच्या सारख्या राशी केल्या आणि वाटलं: तीन मला, तीन पाटावर. पाटावरचे पत्ते पडले तसे, जरा तिरपे, राहिले. त्यांच्यावर चौघांचे डोळे होते. त्यांना कोणी शिवलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन.

मीही न पाहता खेळायला हवं होतं. मग शो मागायचा हक्क मलाही राहिला असता, नशीब आणि नशीब समोरासमोर. पण माझ्यानं राहवेना. मी पत्ते उचलले. चौकटची दुर्री, किलवरचा पंजा, इस्पिकची नव्वी. यापेक्षा वाईट हात काढायचा तर मेहनत घ्यावी लागते.

मी दोन टाकले. मोठ्या मायनं पाटापुढचा एक सरकवला. मी चार, तिनं दोन. प्रत्येक वेळी ती हात रिकाम्या पाटाच्या आडून असा आणायची, जणू कोणाच्या हाताखालून. मला वाटू लागलं की पाटावरची हवा जरा जड आहे, उन्हात तापलेल्या पत्र्यावर दिसते तशी हलते आहे. पण ऊन नव्हतंच. मी सवयीनं डोळे रोखले. कोणावर? पाटावर. सोळा वर्षांची घोडी एका लाकडी पाटाला डोळे दाखवून भिववत बसली होती. आज आठवलं की मी एकटीच हसते आणि मग दिवा लावून येते.

"पाह्यतं काय व पाटाकडे? टाक," मोठी माय म्हणाली.

"वाढवू काय?"

"तुह्या मनानं. मले नको विचारू, मी त्याइच्याकून हाये."

आई उंबऱ्यावरून पुटपुटली, "सुमे, टाकून दे पत्ते. रिसोडही काई वाईट नाई." तिच्या आवाजानं मला कळलं की माझा चेहरा सगळ्या ओसरीला वाचता येतो आहे. फक्त ज्याला वाचायला हवा तो वाचत नव्हता. पत्ते टाकले तर रिसोड. चालत राहिले तर कधीतरी ते शो मागणार, माझी नव्वी उघडी पडणार, तरी रिसोडच. तिसरा रस्ता दिसेना, म्हणून मी शांताकाकूसमोर करायची तेच केलं. उरलेले सगळे चिंचोके दोन्ही हातांनी पुढं लोटले. म्हटलं, "सगळे."

बाबांनी डोळे मिटून घेतले. आता काय व्हायचं ते सगळ्यांना पाठ होतं. मोठी माय पाटापुढची रास पुढं सारणार, म्हणणार, "ते शो मागतात." तिचा हात राशीपर्यंत गेलाही. तेवढ्यात शिट्टी झाली. गाडी आली, पेले किणकिणले, गाडी थांबली. मोठ्या मायचा हात राशीवर तसाच. पण तिनं गल्लीकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शिट्टी झाली आणि तिनं गल्लीकडे पाहिलं नाही. ती पाटाकडे वळून, मान जराशी खाली घालून ऐकत होती. मोठ्या माणसाचं ऐकतात तसं.

"काय म्हनता?" ती हळूच म्हणाली.

आम्हाला काही ऐकू आलं नाही. इंजिनाची वाफ सुटल्याचा आवाज तेवढा होता.

"पक्कं?" ती म्हणाली. थोडं थांबून, "वाट नको पाहू काय मंग मी?" आणि पुन्हा, अगदी बारीक आवाजात, "बरं."

तिनं रास सोडली. पाटावरचे तीन पत्ते पालथेच एकावर एक केले, उचलले, आणि उरलेल्या पत्त्यांत घालून पिसून टाकले. म्हणाली, "त्याईनं पत्ते टाकले. सुमी जिंकली."

कोणी हललं नाही. हलला तो काळ्या. तो पाटापासून उठला, अंग ताणलं, आणि शेपटी हलवत ओसरीवरून उतरून गल्लीनं निघाला. पळत नाही, भुंकत नाही, ओळखीच्या माणसाच्या पायाशी चालतात तसा, मधूनमधून वर पाहत. स्टेशनच्या वळणावर गेला. गाडी सुटली. थोड्या वेळानं तो एकटा परत आला आणि पाटाजवळ न येता अंगणातच बसला. फडताळातला पेला त्या दिवशी एकदाही जास्तीचा किणकिणला नाही.

मोठ्या मायनं पाट उचलून भिंतीशी उभा केला. मोरीवर जाऊन तोंड धुतलं, आणि बाहेर आली तेव्हा कपाळ स्वच्छ होतं. बाबा खांब सोडून पुढं आले. "वयनी, हे काय केलं?" ते एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "गेले ते. आतापर्यंत गेले नव्हते, आता गेले." दारावरची पळसाची फांदी तिनं स्वतः काढली आणि गावाबाहेर नेऊन टाकली. त्या संध्याकाळी चारच ताटं वाढली. पुढं पितृपक्षात त्यांच्या नावाचं पहिलं पान वाढलं, असं आईच्या पत्रातून कळलं; मी तेव्हा अकोल्याला होते.

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मला हवं ते मिळालं होतं आणि मला कोणाच्या तोंडाकडे पाहता येत नव्हतं. जो माणूस कधी भीत नव्हता त्याला मी दुर्री, पंजा नि नव्वीवर घरातून उठवलं होतं. गाव म्हणत होतं, सुमीनं डाव मारला. मला वाटत होतं, मी माणूस मारला. रात्री झोप लागेना. आणि जेवणही खरोखरच जाईना, करंज्यांसकट.

जायच्या दिवशी मोठी माय मला एस.टी.वर घालायला आली. आमच्या घरातून कोणी आगगाडीनं जायचं नाही, हा तिचा नियम अजून होता. माझी ट्रंक टपावर चढली, मी खिडकीशी जागा धरली. ती खाली उभी, फडक्यात बांधलेल्या तिळाच्या पोळ्या खिडकीतून देत. कोऱ्या कपाळानं ती मला दुसरीच कोणी बाई वाटत होती.

"पोचली की कारड टाकजो."

"टाकतो."

"एक विचारतो. खरं सांगजो." तिनं खिडकीचा गज धरला. "त्या दिवशी तुह्यापाशी होतं काय?"

मी आठ दिवस याच प्रश्नाला भीत होते. खरं सांगितलं असतं तर ते नुसत्या थापेला भिऊन गेले असं झालं असतं. आणि तिनं कुंकू पुसलं ते माझ्या थापेवर. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. पापणी हलू दिली नाही.

"तीन राण्या," मी म्हणाले.

मोठी माय माझ्याकडे पाहत राहिली. मग तिच्या तोंडाच्या कडेला हसू आलं. बाजारच्या त्या दिवसापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"लबाड," ती म्हणाली. "दोन राण्या त त्याइच्याजवळ होत्या."

"तू पाह्यले होते पत्ते?"

"मी कायले पाहू? त्याईनंच सांगतलं, टाकता टाकता. म्हने, पोरीपाशी काई नाई, पन जाऊ दे तिले."

कंडक्टरनं घंटी मारली. तिनं गज सोडला, आणि गाडी हलली तरी ती हात वर न करता तशीच उभी होती, मग धुरळ्यात दिसेनाशी झाली. मी पोळ्यांचं फडकं छातीशी धरून बसले. शेजारी एक म्हातारी बाई होती, मांडीवर कोंबडी घेऊन देवीच्या नवसाला निघालेली. तिनं बरंच अंतर माझ्याकडे पाहिलं आणि मग विचारलं, "काय झालं व बाई? रडून काहून राह्यली?"

मी म्हटलं, "जिंकली म्हनून."